'थिन'चे पाच समानार्थी शब्द आणि एक काटक आजी

पाटीखडू

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका मराठी शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात आठवीला निबंध दिला होता, घरातल्या कुणाही एका माणसावर दहा ओळी. एका मुलानं आजीवर लिहिलं. तिसरीच ओळ अशी : 'माय ग्रँडमदर इज स्किनी अँड गॉन्ट.'

वाचून मला काळजी वाटली. त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, आजी आजारी आहे का रे? तो म्हणाला, "न्हाई बाई, आजी लय काटक हाय. आजून भांगलाय जाती. कडब्याच्या पेंढ्या डोक्यावं घिऊन वढा चढून येती."

मग हे शब्द कुठून आणलेस? त्यानं दप्तरातून गाइड काढलं. त्यात 'थिन' आणि त्यापुढं बरोबरची (=) खूण करून एका ओळीत पाच शब्द : स्लिम, स्लेंडर, स्किनी, लीन, गॉन्ट. त्यातले दोन त्याला नवीन वाटले म्हणून ते घेतले. "सगळ्याचा अर्थ एकच हाय की बाई," असं अगदी मनापासून म्हणाला. बरोबरची खूण असेल तर मुलानं दुसरं काय समजायचं?

हे शब्द आजीला लागू नाहीत हे मला कळत होतं, पण का लागू नाहीत हे त्याला समजेल असं सांगता येईना. तेव्हा मी फळ्यापाशी गेले आणि वर्गाला विचारलं, बारीक माणसाला आपल्याकडं काय काय म्हणतात? दहा मिनिटांत फळा भरला. सडपातळ, शेलाटा, हडकुळा, लुकडा, किडकिडीत, काटकुळा, रोडका, मरतुकडा, कृश, काडी पैलवान, चवळीची शेंग, पाप्याचं पितर, काटक. मग विचारलं, यातला कुठला शब्द आईला लावाल? कुठला वासराला? भांडणात कुठला तोंडातून निघेल? मुलांनी एकही चूक केली नाही. मरतुकडं म्हणजे वासरू. शेलाटी म्हणजे नवरी. कृश म्हणजे 'पुस्तकातला आजारी माणूस' (हे एका मुलीचं उत्तर, जसंच्या तसं). हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

मराठीत जे त्यांना न शिकवता येतं, ते इंग्रजीत त्यांच्यापर्यंत कसं पोचवायचं? आणि दुसरं, काटक या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावं? त्या मुलाला मी उत्तर द्यायचं कबूल केलंय.

---

शेवंती

अतिशय आवडला धागा. मी बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गाइडमधल्या पाचही शब्दांत माणसाच्या अंगावर मांस कमी आहे, एवढंच काय ते समान. फरक आहे तो बघणारा कुठल्या नजरेनं बघतोय याचा. 'थिन' म्हणणारा फक्त नोंद करतो. 'स्लिम' म्हणणाऱ्याला ते आवडलेलं असतं. 'स्लेंडर' म्हणणाऱ्यालाही आवडलेलंच असतं, पण तिथं लांबी आणि डौल लागतो. बोटं, मान, मेणबत्ती, बांबूची नवी फांदी ही स्लेंडर. 'स्किनी' म्हणणारा नाक मुरडतो, किंवा फार जवळचा असल्यानं मोकळेपणी बोलतो. आपलं किडकिडीत, लुकडा याच्या शेजारचा शब्द. 'लीन'मध्ये चरबी नाही पण ताकद आहे, धावपटू लीन असतो. आणि 'गॉन्ट' म्हणजे डोळे आत गेलेत, गालाची हाडं वर आलीत आणि या माणसानं काहीतरी सोसलंय. उपासमार, आजार, तुरुंग, मोठं दुःख.

या गॉन्टनं मला एक धडा दिलाय. सुरुवातीच्या काळात एका कथेत मी 'गॉन्ट मॅन'चं 'सडपातळ गृहस्थ' केलं होतं. संपादकांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, "हा माणूस तीन पानांनी मरतो." मी कथा पुन्हा वाचली. मूळ लेखकानं पहिल्याच ओळीत वाचकाच्या मनात ती भीती घालून ठेवली होती आणि मी ती पुसून टाकली होती. शेवटी 'गालफडं बसलेला माणूस' असं केलं. विशेषणाला विशेषण सापडलंच पाहिजे असं नसतं, हे तेव्हा कळलं.

'स्लिम'चं मूळही मुलांना सांगण्यासारखं आहे. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात डच किंवा त्याच्या शेजारच्या बोलीतून आला. तिकडे त्याचा अर्थ होता वाकडा, वाईट. जर्मनमध्ये 'श्लिम' म्हणजे आजही वाईट. डचमध्ये तोच शब्द फिरत फिरत 'हुशार' या अर्थाला पोचला आणि इंग्रजीत कौतुकाचा झाला. 'स्लिम चान्स' म्हणताना तो जुना वाईट अर्थ अजून डोकावतो. स्लिम चान्स चालतो, स्लेंडर होप चालते, पण स्किनी चान्स कुणी म्हणत नाही. का, याला नियम नाही. कान तयार व्हावा लागतो.

वर्गासाठी सुचवते : बरोबरची खूण काढून टाका आणि त्या जागी तोंड काढा. प्रत्येक शब्द कुणाच्या तोंडी शोभतो ते मुलांना ठरवू दे. शिंपी काय म्हणेल, डॉक्टर काय म्हणेल, शेजारीण, प्रेमात पडलेला मुलगा. तुम्ही मराठीत केलंत ते नेमकं हेच आहे.

काटकवर विचार करते. सोपा नाही तो.

---

शिकवणीवाला

बाईंबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो.

माझ्याकडे दहावीची साठ मुलं आहेत. परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात आणि थिनला लीन लिहिलं की गुण मिळतो. ग्रामीण भागातल्या मुलाला आधी शब्द तर मिळू देत. त्या मुलानं गाइड उघडून दोन नवे शब्द हिमतीनं वापरले, मी असतो तर त्याला शाबासकी दिली असती. छटा नंतर येतात, वाचून वाचून. पहिल्याच पायरीवर 'हा नको, तो नको' केलं तर मूल पुन्हा 'गुड' आणि 'बॅड'वर येऊन थांबतं. हे माझ्या डोळ्यांसमोर झालेलं आहे.

---

पाटीखडू

@शिकवणीवाला, शाबासकी दिली सर, निबंधावर 'नवीन शब्द वापरलेस, छान' असंही लिहिलं. तुमची भीती खरी आहे, पोर गप्प बसता कामा नये. पण तो आपल्या आजीबद्दल लिहीत होता. ती वाकून भांगलते, भारा वाहते, हे त्याला सांगायचं होतं आणि कागदावर एक मरायला टेकलेली बाई उतरली. त्याला जे म्हणायचं होतं ते त्याच्या हातून निसटलं, आणि तसं निसटलंय हे त्याला कळलंही नाही. मला हे गुणांपेक्षा मोठं वाटतं.

@शेवंती, तोंड काढायची कल्पना फार आवडली. उद्याच करते.

---

डॉक_पंचगंगा

डॉक्टर या नात्यानं थोडी भर घालतो.

आमच्या केसपेपरवर 'थिन बिल्ट' असं लिहिलेलं असतं. ते निव्वळ वर्णन आहे, रोग नव्हे. वजन-उंचीचं गणित करून बीएमआय 18.5 च्या खाली आला की आम्ही 'अंडरवेट' म्हणतो, ते मोजमाप. 'इमॅशिएटेड' लिहिलं की मात्र पुढचा डॉक्टर सावध होतो. लॅटिनमध्ये 'मॅकिएस' म्हणजे रोडपणा, त्यावरून हा शब्द आला. म्हणजे नुसता बारीक नव्हे, शरीर झिजत चाललंय. मराठीत याला 'खंगलेला' हा अचूक शब्द आहे. त्या शब्दातच काळ आहे : हा असा नव्हता, असा झाला. माणूस कायमचा बारीक असेल तर मला चिंता नाही. पण काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा वीसावा हिस्सा गेला असेल, तर मी तपासण्या लिहून देतो.

क्षयरोगाला इंग्रजीत पूर्वी 'कन्झम्प्शन' म्हणत, माणसाला आतून खाऊन टाकणारा. आणि आपण म्हणतो क्षय, म्हणजे झीज. जंतू कुणाला माहीत नव्हता (तो रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये दाखवला), तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी रोगाला नाव दिलं ते डोळ्यांना दिसणाऱ्या रोडावण्यावरून.

आणि वर स्लिमचं कौतुक झालं म्हणून ही एक गोष्ट सांगतोच. ऐंशीच्या दशकात युगांडात राकाई भागात माणसं झिजून झिजून मरू लागली. तिथले लोक त्या आजाराला 'स्लिम' म्हणू लागले. 1985 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर 'स्लिम डिसीज' या नावानंच लेख आला. तो एड्स होता. जो शब्द लंडनमध्ये दुकानाच्या काचेवर लावत होते, तोच तिकडे मरणाचं नाव होता. शब्दाची छटा कोशात शोधून सापडत नाही ती अशी.

अंगणवाडीतला अनुभवही सांगतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर पट्टी लाल दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. आई म्हणते, "पोरगं बारीकच हाय पहिल्यापासनं." ती 'बारीक' म्हणते तेव्हा तिला धीर धरायचा असतो. मला तोच शब्द तिच्या हातातून अलगद काढून घ्यावा लागतो. ते काम औषध लिहून देण्यापेक्षा अवघड आहे.

---

सूतगिरण

मी इचलकरंजीचा, आयुष्य सुतात गेलं. आमच्या धंद्यात या विशेषणाचा निकाल रोज लागतो, म्हणून लिहितोय.

सुताची जाडी आम्ही काउंटमध्ये सांगतो. 840 यार्डांची एक लड धरायची. अशा 40 लडींचं वजन एक पौंड भरलं तर ते चाळीस काउंटचं सूत, म्हणजे पौंडाला 33,600 यार्ड. ऐंशी काउंटचं तेवढ्याच लांबीला निम्म्या वजनाचं, पौंडाला 67,200 यार्ड. काउंट वाढला की सूत बारीक. अशा बारीक सुताला इंग्रजीत 'फाइन' म्हणतात आणि त्याला भाव जास्त.

आता तेच सूत तपासणी यंत्रावर चढवा. यंत्र दोष मोजून देतं, त्यात एक रकाना असतो 'थिन प्लेसेस'. सरासरीच्या निम्म्याहून सूत जिथं कमी भरलं ती जागा. तिथं धागा तुटतो, माग थांबतो, विणकराचं नुकसान.

म्हणजे सगळीकडून सारखं बारीक असेल तर फाइन, मधेच बारीक झालं तर थिन. पहिलं मुद्दाम केलेलं, दुसरं नकळत झालेलं. चाळीस वर्षांत मला कुणी हा फरक शिकवला नाही, पण कुठल्याही जॉबरनं (खात्यातल्या मुकादमानं) कधी 'थिन यार्न चांगलं निघालंय' म्हटलेलं ऐकलं नाही.

कापडावर आलं की आणखी बदलतं. तलम म्हणजे कौतुक. झिरझिरीत म्हणजे आरपार दिसतंय. विरलेलं म्हणजे वापरून वापरून पातळ झालेलं. इंग्रज तिघांनाही थिन म्हणून मोकळा होऊ शकतो, आमच्याकडं गिऱ्हाईक भांडेल.

---

शेवंती

@सूतगिरण, काका, तुमच्या प्रतिसादामुळे एक गोष्ट लख्ख दिसली जी मी रोज करते पण कधी मांडली नव्हती.

इंग्रजीत 'थिन' एकच. मराठीला आधी विचारावं लागतं, वस्तू कसली आहे? दोरी थिन असेल तर बारीक. कागद थिन असेल तर पातळ. आमटी थिन असेल तर पातळ. केस थिन असतील तर विरळ, आणि हिमालयातली हवाही विरळ. सबब थिन असेल तर लंगडी. आवाज थिन असेल तर किनरा. दोरीला पातळ म्हटलं किंवा आमटीला बारीक म्हटलं तर तीन वर्षांचं पोरही हसेल. आपल्या भाषेनं वस्तूच्या आकारावरून वाटणी केली आहे, इंग्रजीनं ती केली नाही.

उलट बाजूला, आपला 'जाड' माणसालाही चालतो आणि पुस्तकालाही. इंग्रजीत माणूस फॅट आणि पुस्तक थिक. माणसाला थिक म्हटलं तर ते डोक्यावर जातं, म्हणजे मठ्ठ. त्यामुळे 'थिनचा विरुद्धार्थी शब्द लिहा' या प्रश्नाला एक उत्तर नाही, कशाबद्दल बोलतोय ते आधी सांगायला हवं.

---

रानवारा

बारीकवरून आठवलं. आमच्याकडं पंढरपूर-मंगळवेढा भागात 'बारकं पोरगं' म्हणजे लहान मूल, किती का गुबगुबीत असेना. कन्नडमध्येही 'सण्ण' म्हणजे लहान आणि बारीक दोन्ही. सीमेवरच्या लोकांच्या तोंडात दोन्ही भाषा असतात. 'बारीक ताप', 'बारीक लक्ष', 'बारीक चिरलेला कांदा' यातल्या एकालाही थिन चालणार नाही. बाईंनी मुलांना हेही करायला द्यावं : बारीकची सगळी कामं लिहून काढा.

---

टेम्सकाठी

पंधरा वर्षं इंग्लंडमध्ये आहे, मूळची नाशिकची. मला यात एक निराळीच अडचण येते.

सुट्टीत घरी गेले की मावशी दारातच म्हणते, "किती वाळलीस गं!" त्यात माया असते, लगेच ताटात दुसरी पुरणपोळी येते. हे मी इथल्या मैत्रिणीला इंग्रजीत सांगायला गेले आणि 'यू हॅव बिकम सो थिन' असं काहीतरी म्हणाले. तिला वाटलं मावशी टोचून बोलली. मी समजावत राहिले, पण माया काही त्या वाक्यात येईना.

नंतर लक्षात आलं की आपण इथं विशेषण वापरतच नाही, क्रियापद वापरतो. वाळलीस, सुकलीस, रोडावलास, झडलास, खंगली, हाडं निघाली, तब्येत उतरली. डॉक्टरांनी वर 'शब्दातच काळ आहे' म्हटलं ते हेच. जो वाळलीस म्हणतो त्याला तू आधी कशी होतीस ते आठवतंय. वाळणं, सुकणं हे झाडाचं, धान्याचं, पाणी कमी पडल्याचं. म्हणजे म्हणणारा स्वतःवर थोडी जबाबदारी घेतो, तुला पाणी घालायला हवं होतं. विशेषणात ही आठवण कुठून यायची?

इथं कुणाच्या शरीराबद्दल तोंडावर बोलणं असभ्य मानतात, फार तर 'हॅव यू लॉस्ट वेट?' आणि तेही कौतुक म्हणून. मैत्रिणीच्या आईला केमोथेरपी चालू असताना ऑफिसात कुणीतरी त्या मैत्रिणीला हे विचारलं. तिचा चेहरा मी पाहिला आहे.

फॅशनचंही सांगते, कारण तिथं बारीकपणावरून नियम आणि कायदे झाले. 1966 मध्ये लंडनमधली एक सोळा-सतरा वर्षांची मॉडेल गाजली, नाव पडलं 'ट्विगी', म्हणजे काटकीसारखी. तेव्हापासून हडकुळेपणाला 'स्लेंडर' म्हणण्याची रीत पडली. 2006 मध्ये माद्रिदच्या फॅशन वीकनं 18 पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मॉडेलना मंचावर येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलला डॉक्टरांचा दाखला लागतो. मासिकं स्लेंडर छापत होती आणि डॉक्टरांना त्या मुलींकडे बघून अंडरवेट लिहावं लागत होतं.

---

अबोली

सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

मी लहानपणापासून बारीक आहे. कुठला आजार नाही, खाते व्यवस्थित. जाड मुलीला जाड म्हणू नये हे आता लोकांना कळू लागलंय, पण बारीक मुलीला काहीही म्हटलेलं चालतं असा समज आहे. पाप्याचं पितर, काडी, वारा आला तर उडून जाशील. हे म्हणणारे सगळे आपले लोक होते. बघायला आलेल्या मंडळींनी मध्यस्थाकडून कळवलं होतं, "मुलगी फारच किडकिडीत आहे." माझ्या बायोडेटावर वडिलांनी 'स्लिम' लिहिलं होतं. एकच शरीर, दोन शब्द. त्या दोन शब्दांच्या मध्ये मी कितीतरी वर्षं उभी होते.

नववीत खो-खोच्या बाईंनी मला संघात घेतलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, ही काय टिकणार? बाई म्हणाल्या, "ती चिवट आहे." त्या दिवसापर्यंत माझ्या अंगाला कुणी चांगला शब्द दिला नव्हता.

पाटीखडू बाई, त्या मुलाच्या आजीला योग्य शब्द मिळायलाच हवा. एवढंच सांगायचं होतं.

---

पाटीखडू

@अबोली, लिहिलंस हे फार चांगलं केलंस. वर्गात 'भांडणात कुठला शब्द वापराल' असं मी विचारलं तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी खाली बघत होती. ते मला आत्ता आठवतंय. पुढच्या वेळी तो प्रश्न असा विचारणार नाही.

---

जुना ग्रंथपाल

थोडं मागं जातो.

इंग्रजीचा 'थिन' आणि आपला 'तनु' हे सख्ख्या नात्यातले आहेत. दोघांच्या मुळाशी 'ताणणे' हा अर्थ आहे. संस्कृतात तन् म्हणजे पसरणे, ताणणे. त्यावरून तंतू, तान आणि आपलं ताणणं. जे ताणलं ते बारीक होतं, म्हणून तनु म्हणजे बारीक, नाजूक, आणि पुढं तनु म्हणजे शरीरही. जर्मन 'ड्युन', लॅटिन 'टेनुइस' हे त्याच घरातले. त्या लॅटिन शब्दावरून इंग्रजीत 'एक्स्टेन्युएटिंग' आला, जो कोर्टात ऐकू येतो : गुन्ह्याची तीव्रता पातळ करणारी परिस्थिती. तन्वंगी म्हणणारा संस्कृत कवी आणि स्लेंडर म्हणणारा इंग्रज कवी एकाच गोष्टीकडे एकाच नजरेनं बघत होते.

समानार्थी शब्दांच्या कोशाबद्दलही सांगायला हवं, कारण सगळा दोष बरोबरच्या खुणेवर गेलाय. आपला अमरकोश पाठ करण्यासाठी श्लोकांत बांधला. त्यात कृश आणि तनु हे अल्प, सूक्ष्म यांच्या ओळीत येतात. इंग्रजीत पीटर रॉजे यांनी 1852 मध्ये थिसॉरस काढला. ते पेशानं डॉक्टर, वय त्र्याहत्तर. त्यांनी शब्द अर्थाच्या कुळांप्रमाणे लावले आणि विरुद्ध कुळं शेजारी ठेवली. ज्याला शब्द आधीच ओळखीचा आहे पण ऐन वेळी आठवत नाही, त्याच्यासाठी ते पुस्तक आहे. ज्यानं शब्द कधी वापरलेलाच नाही त्याच्या हाती तीच यादी दिली की माणच्या मुलाचं झालं ते होतं. शिकवणीवाले सरांना म्हणून विनंती : पाच शब्द देण्याऐवजी दोनच द्या, पण प्रत्येकाबरोबर एक वाक्य द्या.

---

शिकवणीवाला

@जुना ग्रंथपाल, मान्य. दोन शब्द, दोन वाक्यं. या रविवारी करून बघतो. परीक्षेबद्दलचं माझं मत कायम आहे, पण अबोलीताईंचा प्रतिसाद वाचून 'छटा नंतर येतात' हे मी फार सहज म्हणालो असं वाटतंय.

---

शेवंती

काटकवर परत येते. दोन दिवस डोक्यात होता.

काटक माणूस दिसायला बारीक असतो, पण बारीकपणा हा त्या शब्दाचा मुद्दा नाही. ऊन, उपास, चाल, ओझं, सगळं सोसून तो उभा राहतो. आपण भीमथडीच्या तट्टाला काटक म्हणतो, खिलार बैलाला म्हणतो. व्यायामशाळेत कमावलेल्या अंगाला म्हणत नाही.

इंग्रजीत चार शब्द जवळ येतात. 'लीन'मध्ये सोसणं नाही. 'हार्डी'मध्ये सोसणं आहे पण बारीकपणा नाही, जाडजूड माणूसही हार्डी असतो. 'सिन्यूई'मध्ये दंडाचे पिळदार स्नायू दिसतात, पण तो शब्द पुस्तकी आहे, आठवीला नको. चौथा 'वायरी', तारेवरून आलेला. अंगानं बारीक, ताकदीनं चिवट, वाकेल पण तुटणार नाही. म्हाताऱ्या माणसांना इंग्रजीत हा अगदी सहज लावतात, बायकांनाही. केसांना लावला तर मात्र अर्थ राठ होतो, तेवढं सांभाळा.

माझं मत वायरीला.

---

डॉक_पंचगंगा

वायरीला अनुमोदन. आमच्याकडे पंच्याहत्तरीच्या अशा आज्या येतात. वजन अडतीस-चाळीस किलो, आणि विचारलं तर सकाळी दोन किलोमीटर चालून एसटी पकडलेली असते.

---

टेम्सकाठी

माझंही वायरीच. इथे शेजारी एक बाग करणाऱ्या आजीबाई आहेत, त्यांना सगळे याच शब्दानं ओळखतात आणि त्यांना तो आवडतो.

---

पाटीखडू

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तास झाला, तो सांगते.

जाताना कुंपणाची एक वीतभर तार घेऊन गेले. वर्गात फिरवली. वाकवून बघा म्हटलं, मग तोडून बघा म्हटलं. मागच्या बाकावर दोघांनी जोर लावून पाहिला, तुटली नाही. मग फळ्यावर 'वायरी' लिहिलं. अर्थ मी सांगितला नाही. त्या मुलानंच हात वर केला, "बाई, काटक!"

शेवंतीताईंनी सांगितल्याप्रमाणे तोंडंही काढली. डॉक्टर, शिंपी, आई, खेळाच्या बाई. स्किनी कुणाच्या तोंडी द्यायचा यावर बराच वाद झाला. शेवटी तो शब्द मुलांनी जीन्स विकणाऱ्या दुकानदाराला दिला. गॉन्ट कुणालाच द्यायचा नव्हता. एक मुलगी म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला जायचे तेव्हाचे सांगतात, त्या वेळच्या माणसांना द्या. दिला.

मुलानं ओळ पुन्हा लिहिली. 'माय ग्रँडमदर इज थिन अँड वायरी. शी क्लाइंब्ज द स्ट्रीम बँक विथ...' आणि तिथं थांबून त्यानं विचारलं, बाई, कडब्याला काय म्हनत्यात? मी स्ट्रॉ सांगणार होते, पण आता धाडस होईना. वही माझ्याकडे आहे, जागा कोरी ठेवलीय. कुणी सांगेल का?

---

रानवारा

बाई, स्ट्रॉ नको. स्ट्रॉ म्हणजे गव्हाचं काड, भाताचा पेंढा. ज्वारीच्या कडब्याला 'स्टोव्हर' म्हणतात. मक्याच्या वाळलेल्या ताटांनाही तोच शब्द. आणि डोक्यावर पेंढ्या असतील तर 'बंडल्स ऑफ स्टोव्हर' लिहू द्या.